पाहुण्यांच्या फळीवरची बरणी

मी बरणी बोलतेय. खाली पांढरी, वर तपकिरी, गळ्याशी एक टवका उडालेला. मला घडवलं लोणच्यासाठी. पण पोटात असं काही मुरलं की त्याची चव अजून मलाच नीट कळलेली नाही. म्हटलं, तुम्हाला सांगून बघावं.

माझा जन्म चुनारचा. भट्टीतून निघाले ती पेंढ्यात गुंडाळून बनारसला आले. चौकातल्या दुकानात कालिंदीबाईंनी मला बोटाच्या पेराने वाजवून पाहिलं, कान लावला आणि म्हणाल्या, "हीच दे. ही गळायची नाही." तेव्हापासून मी ब्रह्मा घाटाच्या वरच्या गल्लीत, त्यांच्या घरी आहे.

घर मराठी. किती पिढ्या बनारसमध्ये गेल्या ते त्यांनाही धड सांगता येत नाही. तरी कोणी विचारलं की छाती पुढे काढून सांगतात, "आम्ही मूळचे गुहागरचे." गुहागर पाहिलेलं कोणीच नाही. दुसरी गंमत अशी, की दारात कोणीही आलं, पाहुणा असो की दूधवाला, पाणी द्यायच्या आधी ह्यांचा प्रश्न ठरलेला. "तुमचं मूळ गाव कुठलं?"

वरच्या खोल्या विदेशी पाहुण्यांना देतात. बहुतेक जपानी. कोणी सितार शिकायला येतं, कोणी नुसतं गंगेकडे बघत बसायला. आलेला पाहुणा दुसऱ्याला पत्ता देतो, असं चालत आलंय.

आधी मी आतल्या स्वयंपाकघरात होते. त्या घरात कांदा-लसूण चालत नाही. माझ्यात लिंबाचं लोणचं असायचं आणि धुतल्या हाताशिवाय मला कोणी शिवायचं नाही. मग एका थंडीत ओसाकाच्या कानेदाबाई आल्या. केस काळेभोर, चालणं भराभर, हिंदी मोडकंतोडकं. त्यांनी कालिंदीबाईंकडे एक बरणी मागितली. कालिंदीबाईंनी रिकामी होते म्हणून मला दिली. कानेदाबाईंनी पत्तागोभी मिठात दाबली, मुळा चिरला, तिखट लावलं आणि वर ठेचलेला लसूण, मूठभर!

झालं. माझं आत जाणं बंद. कालिंदीबाई म्हणाल्या, "लसूण लागला, आता ही पाहुण्यांची." मला बाहेर गच्चीच्या दाराजवळच्या फळीवर ठेवलं. तिथे पाहुण्यांचे कप, चहाची किटली आणि मी. थोडं वाईट वाटलं. पण फळीवरून सगळं दिसतं आणि ऐकू येतं. बरणीला दुसरं काम काय? ऐकता ऐकता हिंदी आलं, जपानीही आलं.

त्याच थंडीत वरच्या कोपऱ्यातल्या खोलीत इतोसान होते. निवृत्त मास्तर. एक दिवस फळीपाशी येऊन त्यांनी नाक धरलं.

"हा कोरियन वास कुठून येतोय? ही माणसं इथेपण पोचली का?"

कानेदाबाई तिथेच उभ्या होत्या. मला वाटलं आता सांगतील, मी केलंय, खाऊन बघा. पण त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांनीही नाक धरलं. म्हणाल्या, "हो ना. कुठून येतोय कोण जाणे."

मला कळेना. स्वतःच्या हाताने केलेलं, आणि असं का?

कालिंदीबाईंना जपानी येत नव्हतं, पण नाक धरलेलं कळतंच. त्या पुढे आल्या आणि हिंदीत म्हणाल्या, "मेरा है. हमारे गाँव का अचार." ज्या बाईने जन्मात लसूण चिरला नाही, तिने त्या दिवशी तो अंगावर घेतला.

इतोसान गेल्यावर दोघी फळीखाली बसल्या. कालिंदीबाईंनी नेहमीचा प्रश्न विचारला आणि कानेदाबाईंनी हळू आवाजात खरं उत्तर दिलं. आईवडील जेजू नावाच्या बेटावरचे. कोरियातलं बेट. बोटीत बसून कामासाठी ओसाकाला आले. ह्या जन्मल्या जपानमध्ये, वाढल्या जपानमध्ये, पण शाळेत पोरं डबा उघडला की लांब सरकायची. भाड्याने घर बघायला गेलं की मालक खरं नाव ऐकून दार लावायचा. फार पूर्वी मोठा भूकंप झाला होता, तेव्हा कोरियन लोकांनी विहिरीत विष टाकलं अशी अफवा उठली आणि माणसं मारली गेली, ते घरात कुजबुजत सांगायचे. म्हणून बाहेरचं नाव कानेदा. घरातलं नाव सुन्जा.

"नवऱ्याला माहीत होतं," त्या म्हणाल्या. "आता मुलाला माहीत आहे. बस."

कालिंदीबाई म्हणाल्या, "म्हणजे आम्ही गुहागरचे, तशी तू जेजूची. समुद्राकाठचीच की!" त्यांच्या दृष्टीने विषय तिथे मिटला. पुढे त्यांनी हे सुनेला, मालविकाला, अगदी कौतुकाने सांगितलं. गुपित म्हणून सांगितलंच नाही. मूळ गाव लपवायचं असतं हे त्या घरात कोणाच्या डोक्यातच येणं शक्य नव्हतं.

वर्षं गेली. कानेदाबाई अधूनमधून थंडीत यायच्या, मला त्या लसणीच्या कोरियन लोणच्याने, किमचीने, भरून जायच्या, आणि मी बघत राहिले. जपान आणि कोरियाने मिळून फुटबॉलचा विश्वचषक भरवला, त्यानंतरचे पाहुणे जरा वेगळं बोलायला लागले. मग जपानी बायका यायच्या आणि गच्चीवर कोरियन मालिकेच्या गोष्टी सांगत डोळे पुसायच्या. एकदा इतोसानच परत आले, सोबत बायको. ती मालिकावाली. तिने माझ्यातली किमची काढून त्यांच्या भातावर वाढली. त्यांनी खाल्ली. मग पुन्हा मागितली. तोंड पुसून म्हणाले, "खाणं उत्तम आहे. माणसांचं मात्र सांगता येत नाही." बायको म्हणाली, "तुमचं तरी कुठे सांगता येतं?"

मला वाटलं, चला, आता पूर ओसरला. पण तसंही नाही. मध्ये एक काळ असा आला की दोन तरुण पोरं इथे बसून मोबाईलवर कोरियन लोकांना घातलेल्या शिव्या वाचून हसायची. चांगली शिकलेली पोरं. त्यांच्या मास्तरांच्या वयाचा माणूस भाताबरोबर किमची मागतो आणि ही असं का वाचतात? मी अजून विचार करते. घाटाच्या पायऱ्यांचं तसंच असतं. कधी उघड्या, कधी बुडालेल्या.

कालिंदीबाई गेल्या. आता घर मालविका बघते. तिची मुलगी मधुरा लहान आहे, आणि मालविकाचा अर्धा जीव सदा गच्चीच्या कठड्यापाशी. "मधुरा, खाली वाकू नको! मधुरा, बरणीला हात लावू नको, पडेल अंगावर!" पोरगी हिंदीच बोलते, ह्याचीही तिला काळजी. शाळेत कोणी "तू कहाँ की है?" विचारलं तर मधुरा म्हणाली, "यहीं की." त्या रात्री मालविकाने नवऱ्याजवळ हे इतक्यांदा काढलं की देवव्रत म्हणाला, "अगं, मग खरंच तर सांगितलं तिने."

ह्या थंडीत कानेदाबाई आल्या त्या काठी टेकत. केस पांढरे. सोबत नात, रिना, कॉलेजातली. मोबाईलच्या पाठीवर कोरियन गाणाऱ्या पोरांचा फोटो. कानात त्यांचीच गाणी. क्लास लावून कोरियन लिपी शिकते. आणि तिला आपल्या आजीबद्दल काहीच माहीत नाही! बापाची सक्त ताकीद होती, सांगायचं नाही. उद्या पोरीची नोकरी, परवा लग्न. गाणी आवडणं वेगळं, रक्तच कोरियन निघणं वेगळं, असं तो म्हणायचा. हे कानेदाबाईंनी आल्याआल्या मालविकाला सांगायला हवं होतं. पण त्यांना वाटलं, ही बोलणार कुणाशी? नातीला हिंदी येत नाही.

एका दुपारी रिनाने किमची करायचं काढलं. मला धुऊन उन्हात ठेवलं आणि मोबाईलवर बघून पत्तागोभी चिरायला बसली. मीठ वरवर भुरभुरलं. कानेदाबाई बाजूला बसून बघत होत्या. बोटं मांडीवर चुळबुळत होती. शेवटी राहवेना.

"अशी नाही. पान उचल. खाली लाव. देठाला जास्त."

त्यांनी भांडं ओढून घेतलं. हात असे चालले की रिना बघतच राहिली. "आजी, तुला कसं येतं?"

"इथेच शिकले. कोणी पाहुणी होती."

मीठ मुरल्यावर तिखट लावून त्या पानं माझ्यात भरायला लागल्या, तेव्हा मालविका समोर मटार सोलत बसली होती. मांडीवर मधुरा. त्या हातांकडे बघून तिला सासूची आठवण आली असावी. ती अगदी मोकळ्या मनाने म्हणाली, "मौसी, मधुराला सांगा ना तुमचं गाव. आई नेहमी म्हणायच्या, हम गुहागर के, मौसी जेजू की. हिला तरी कळू दे, सगळ्यांचं मूळ गाव असतं."

रिनाला हिंदी कळलं नाही. पण जेजू कळलं. त्या मालिका बघणाऱ्या कोणालाही कळेल.

"आजी, जेजूचं काय म्हणाली ती?"

कानेदाबाईंचे हात तिखटाने लाल, तसेच हवेत. काही नाही, फिरायला गेले होते, एवढं म्हणणं सोपं होतं. मी त्यांना एकदा नाक धरताना पाहिलेलं होतं. माझ्या काठावर पत्तागोभीचं एक पान लोंबत होतं, तेही कोणी आत ढकललं नाही.

मग त्या म्हणाल्या, "माझे आईवडील तिथले. मी कोरियन आहे, रिना. तुझ्या बाबांनी सांगू नको म्हटलं होतं."

आणि आता ऐका. जी पोरगी दिवसभर कोरियन गाणी म्हणते, तिने पहिल्यांदा काय केलं असेल? मान वळवून दाराकडे पाहिलं. वरच्या खोलीतल्या जपानी पाहुण्यांनी ऐकलं तर नाही ना! मग स्वतःच दचकली आणि उठून निघून गेली.

कानेदाबाईंनी काय झालं ते हिंदीत सांगितलं तेव्हा मालविका रडकुंडीलाच आली. "मौसी, मी तर चांगलंच सांगत होते हो! मला वाटलं..."

"तुमच्या घरात हे चांगलंच असतं, बहू," कानेदाबाई म्हणाल्या. "तुम्हाला इथे कोणी जा म्हणत नाही का?"

मालविकाने डोळे पुसत विचार केला. "आम्हा मराठी लोकांना दक्षिणी म्हणतात. चिडवतातपण. पण जा कशाला म्हणतील?"

"नशीबवान आहात," त्या म्हणाल्या आणि उरलेली किमची माझ्यात दाबून भरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी रिना खोलीतून बाहेर आली. डोळे सुजलेले. आजीशी बोलली नाही. गच्चीवर बसली तेवढ्यात तिच्या मैत्रिणीचा व्हिडिओ कॉल आला. इकडचंतिकडचं झालं. मैत्रिणीने विचारलं, "मागे ती बरणी कसली?"

"किमचीची. आजीने केली." रिना थांबली. मला वाटलं, झालं बोलून. तर म्हणाली, "माझी आजी जेजूची आहे. काल कळलं."

पलीकडे किंकाळी. "खरंच? तुझी आजी? कसलं भारी! मला का नाही कोणी असं!"

रिनाला हसू फुटलं. खरंच फुटलं, मोकळं. मागे दारात कानेदाबाई काठी धरून उभ्या होत्या. मला वाटलं, आता त्याही हसतील. पण त्यांचा चेहरा असा तापला की मी कधी पाहिला नव्हता.

"भारी?" त्या म्हणाल्या. "माझी आई मेली तेव्हा थडग्याच्या दगडावर तिचं खरं नाव कोरायची हिंमत नव्हती मला. आणि हिला भारी?"

रिनाने फोन खाली ठेवला. आजीजवळ गेली. हात धरायला गेली तर आजीने झिडकारला. ती तशीच उभी राहिली, गेली नाही. मग तिने विचारलं, "काय होतं नाव?"

कानेदाबाईंनी सांगितलं. रिनाने ते क्लासात शिकलेल्या अक्षरांत तळहातावर पेनाने लिहिलं आणि बरोबर आहे का म्हणून दाखवलं. आजीला ती लिपी वाचता येत नव्हती. कोणी शिकवलीच नव्हती. मग नात एकेका अक्षरावर बोट ठेवून आजीला तिच्या आईचं नाव वाचायला शिकवत बसली. आजी चुकत होती. रागावतही होती. पण हात काढून घेत नव्हती.

त्या गेल्या परत. बापाला काय सांगितलं, नोकरीच्या जागी रिना काय सांगेल, मला माहीत नाही. त्या मैत्रिणीचं "भारी" दहा वर्षांनी टिकेल का, तेही नाही. तळाशी थोडी किमची उरलीये, आंबट झालेली. मालविका ती फेकत नाही. मधुरा झाकण उघडून वास घेते आणि शिंकते.

माझं वय झालं. कधीतरी हातातून सुटेन. त्याआधी तुमच्याकडे एवढंच मागणं आहे. गाव विचारा, जरूर विचारा, विचारण्यात माया असते. पण समोरचा गप्प झाला तर रेटू नका. चहा द्या, बसू द्या. आणि एखाद्या दिवशी त्याने सांगितलंच, तर लगेच भारी म्हणू नका. आधी नाव विचारा.