सांध्यातला बुडबुडा

मी दुर्बीण आहे. पण चांदण्या दाखवणारी नव्हे. मी माणसाच्या मोठ्या आतड्यात शिरणारी काळी, लवचिक नळी. टोकाला दिवा, बारीक डोळा आणि हवा सोडायचं भोक.

परदेशात जन्मले, खोक्यात बसून छत्रपती संभाजीनगरला आले. गारखेड्यातल्या एका दवाखान्यात कपाटात टांगलेली असते. पोटाच्या डॉक्टर विशाखा मॅडम मला चालवतात. मला पाहिलं की पेशंट तोंड फिरवतात. त्याचं मला वाईट वाटत नाही.

अजिंठ्याच्या द्वारकाबाईंच्या आतड्यातली गाठ मीच दाखवली होती. ऑपरेशनच्या टेबलावर त्यांनी मॅडमचा हात घट्ट धरला.

"बाई, पोटाला पिशवी नगं लावू. म्या लेणीच्या फाट्यावर सीताफळं इकते. पोटाला घाणीची पिशवी लटकलेली, मंग माझ्या हातची फळं कोण घेतंय?"

"आतडं जोडल्यावर सांधा चांगला बसला तर नाही लागणार, मावशी."

सर्जन आकाश सरांनी गाठ काढली आणि आतड्याची दोन्ही टोकं जोडली.

"झ्याक बसला. पोट शिवू या."

"सर, नारळ घेताना कानाशी हलवून बघता, आणि हा सांधा तसाच घेता?" मॅडम म्हणाल्या.

सर हसले. "घाला बाई तुमची दुर्बीण."

मी खालच्या वाटेनं आत गेले. सरांनी सांध्याच्या वरचं आतडं दाबून धरलं. पोटात पाणी ओतलं, मॅडमनी माझ्यातून हवा सोडली. पंक्चरवाला ट्यूब पाण्यात धरतो, तसंच.

एक बुडबुडा वर आला. मागोमाग दुसरा. हसणं थांबलं.

"टाके घालून बघतो," सर म्हणाले. "परत हवा निघाली तर पिशवी लावावीच लागेल. जीव महत्त्वाचा."

मी आतून उजेड धरला. सरांनी त्या जागी टाके घातले. पुन्हा पाणी, पुन्हा हवा. सगळे वाकून पाहत राहिले. पाणी हललं नाही.

"नाय," सर हळूच म्हणाले. "आता नाय निघत."

पिशवी लागली नाही. मला बाहेर काढून ब्रशनं धुतलं, वाळवलं, टांगलं. द्वारकाबाई फाट्यावर परत बसल्या का, मला ठाऊक नाही. बरी झालेली माणसं माझी चौकशी करायला येत नाहीत, आणि यावं असंही काही नाही.

आता माझं टोक पूर्वीसारखं वळत नाही. चित्राच्या एका कोपऱ्यात धुकं दिसतं. एवढंच सांगते: कितीही घाई असली तरी पोट शिवण्याआधी मला एकदा विचारा. आणि बुडबुडा कुठून येतो ते मला दिसेनासं झालं, की माझी कीव करून मला आत पाठवू नका.