पाठ असलेला नंबर

“बाबा, नंबर बदलून घ्या ना. कंपनी फुकट देतेय,” फोन कंपनीचे वकील म्हणाले.

चिमाजी ताडकन उभा राहिला. “पोराला ह्योच पाठ हाय, साहेब. दुसरा त्याला कोन सांगनार?”

नाशिकच्या ग्राहक मंचात त्याच्या केसची तारीख होती.

त्याचा मुलगा राज भांडून घर सोडून गेला, त्याला दोन हजार सात साली आठ वर्षं झाली होती. एकदाही त्याचा फोन नाही. पण मखमलाबादच्या मळ्यातल्या घरात घंटी वाजली की चिमाजीची बायको आक्काबाई झेंडूची पाटी तिथेच टाकून धावत सुटायची. पलीकडून कुणी लाडिक आवाजात कर्ज घ्या म्हणायचं, नाहीतर क्रेडिट कार्ड. दिवसातून सात-आठ वेळा! अशीच धावताना ती उंबऱ्यात पडली आणि खुब्याचं हाड मोडून बसली. तेव्हा चिमाजीने केस ठोकली. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात, पण हा माळी हट्टाला पेटला होता. दीड वर्ष तारखांना खेटे घातले आणि पठ्ठ्या चक्क जिंकला. या नंबरवर जाहिरातीचा एकही फोन येता कामा नये, असा निकाल लागला. त्याने पेढे वाटले.

फोन खरंच थांबले. पहिला आठवडा सुखात गेला. दुसऱ्या आठवड्यात आक्काबाई खाटेवरून म्हणाली, “उचलून बघा बरं जरा. बंद तर नाय पडला?”

टोन व्यवस्थित येत होता. चिमाजीने फोन तिच्या खाटेजवळ आणून ठेवला. तिसऱ्या आठवड्यातही येत होता. या घराला फोन करणारं जगात कुणी उरलेलं नाही, हे त्या मेल्या कर्जवाल्यांनी इतकी वर्षं कळूच दिलं नव्हतं. आक्काबाईने जेवण टाकलं. चिमाजी घाबरला आणि त्याची केस लढवलेल्या महेश वकिलांकडे गेला.

“निकाल मागं घेता येतो का, साहेब?”

“वेड लागलंय का काका? जिंकलोय आपण!”

“घंटी वाजली की ती उठून बसायची. राजच असंल म्हनायची. आता भिंतीकडं तोंड करून पडती.”

“असा अर्ज नसतो हो काका,” वकील हळूच म्हणाले.

चिमाजी वकिलांच्या ऑफिसातून खाली उतरला. पानाच्या टपरीवर नाणं टाकायचा फोन होता. त्याने रुपया टाकला आणि स्वतःच्याच घरचा नंबर फिरवला. आक्काबाईने पहिल्याच घंटीला उचलला.

“राज? राज हाय ना रं? बोल की बाळा...”

 रुपया संपेपर्यंत चिमाजी रिसीव्हर कानाला लावून उभा राहिला.