सत्तेचाळिसाव्या गणिताचे उत्तर

मित्रांनो, माझी पाठ दोनदा डिंकाने चिकटवलेली आहे आणि माझ्या रसायनशास्त्राच्या पानांवर चहाच्या कपाचे गोल डाग आहेत. मी भौतिक आणि रसायनशास्त्राच्या गणितांचे एक जुने सराव-पुस्तक आहे. सहाशे गणिते माझ्या पोटात आहेत आणि त्यांची उत्तरे शेवटच्या बारा पानांवर.

छापखान्यातून आलो तेव्हा माझी ऐट काही औरच होती. या घरातल्या आत्याने मला विकत घेतले, तपकिरी कागदाचे कव्हर घातले आणि सगळी गणिते वेगळ्या वहीत सोडवली. तिच्यानंतर मी तिच्या भाच्याकडे, म्हणजे दादाकडे आलो. त्याने वहीचा खर्चच ठेवला नाही, माझ्याच समासात पेन्सिल चालवली. समीकरण संतुलित झाले की तो टेबलावर ठेका धरायचा. ते चहाचे डागही त्याचेच. पण परीक्षा संपली आणि मी चार वर्षे कपाटावर, बंद पडलेल्या इस्त्रीखाली पडून राहिलो.

एक गोष्ट मला सारखी सलायची. माझ्या सत्तेचाळिसाव्या गणिताचे उत्तर चुकीचे छापले आहे. मला ते ठाऊक होते, पण पुस्तकाला स्वतःची चूक सांगता येत नाही.

गेल्या महिन्यात दादाच्या धाकट्या बहिणीने मला खाली काढले. विषय निवडायचा अर्ज शनिवारी शाळेत द्यायचा होता. विज्ञान घ्यायचे की नाही, हे ती माझी गणिते सोडवून ठरवणार होती. सेहेचाळीस गणिते सुरळीत झाली. मग ते आले: तीस अंशांच्या शंभर ग्रॅम पाण्यात साठ अंशांचे दोनशे ग्रॅम पाणी ओतले, तर मिश्रणाचे तापमान किती?

तिचे उत्तर आले पन्नास. माझ्या मागे छापलेले पंचेचाळीस. तिने पुन्हा सोडवले. पन्नास. तिसऱ्यांदाही पन्नास.

"मला नाही जमायचं हे," ती रडवेली झाली. "इतकं सोपं गणित, तेही चुकतंय. नकोच विज्ञान."

"अगं, मागं पंचेचाळीस दिलंय ना? मग पंचेचाळीसच आण," दादा म्हणाला. "साठ अधिक तीस, भागिले दोन. झालं!"

"आणि ते दोनशे नि शंभर ग्रॅम?"

"त्यांना जाऊ दे की फिरायला!"

बाबा नुकतेच कामावरून आले होते. ते डेअरीत दुधाचे तापमान तपासतात. "भांडताय कशाला? मोजून बघा," म्हणत त्यांनी पिशवीतून तापमापक काढला.

स्वयंपाकघरात तराजू आला. स्टीलच्या भांड्यात तीस अंशांचे पाणी, त्यावर साठ अंशांचे. धाकटीने ढवळले. बाबांनी डोळे बारीक करून वाचले, "एकोणपन्नास."

"म्हणजे दोघंही चूक!" दादा खूश.

धाकटीने भांड्याला हात लावून पाहिला. "अरे, भांडंही तापलंय. एक अंश त्यानं खाल्ला!"

मित्रांनो, त्या क्षणी माझे पान न् पान हलके झाले. दादा मात्र हटेना. स्वतःचा जुना हिशोब दाखवायला त्याने मला खिडकीशी नेले, आणि तिरप्या उजेडात पाहतच राहिला. समासातल्या त्याच्या पंचेचाळीसखाली खोडलेल्या आकड्याचा दाब उमटला होता. पन्नास.

"आयला, माझंही बरोबर आलं होतं! खोडून बसलो."

"शहाणाच आहेस," धाकटी म्हणाली आणि अर्ज शोधायला गेली. तिने त्यावर विज्ञान लिहिले.

आता मी रोज तिच्या टेबलावर असतो. तुमच्याकडे एवढेच मागणे आहे: माझ्यावर चहा ठेवू नका, पाने दुमडू नका. आणि तुमचे उत्तर माझ्याशी जुळले नाही, तर लगेच खोडरबर उचलू नका. एकदा पडताळून पाहा. मीही चुकतो.

माझ्या उत्तरांच्या पहिल्या पानावर आता पंचेचाळीसवर एक रेघ आहे. शेजारी धाकटीच्या अक्षरात लिहिले आहे, ‘५०’. त्याखाली दादाच्या अक्षरात, ‘माझंही’.