उपरण्याखालचा ब्रेक

गणपतराव गुळाच्या अडतीत बसले की शहाणे, ताटावर बसले की राजे आणि स्नूकरच्या टेबलापाशी उभे राहिले की निव्वळ आपत्ती. मंगळवार पेठेत घर, बाजारात अडत आणि रोज संध्याकाळी साडेपाचला क्लब, हा नेम बारा वर्षांत चुकला नव्हता. बाकीचा खेळ त्यांचा बरा होता, खोटं कशाला बोला? पण डावाचा पहिला फटका, ज्याला ब्रेक म्हणतात, तो त्यांच्या वाट्याला आला की जाणती मंडळी आपापला चहाचा कप उचलून भिंतीकडे सरकायची.

ब्रेकला करायचं असतं तरी काय? पंधरा लाल बॉल त्रिकोणात मांडलेले असतात. पांढऱ्या बॉलनं कडेच्या एका लाल बॉलला नुसतं खरचटायचं, कडेकडेनं वळसा घालायचा आणि गपगुमान आपल्या घरी यायचं. समोरच्याला मारण्यासारखं काही उरता कामा नये. शेजारी विरजण मागायला जावं आणि उंबऱ्यावरूनच परतावं, तसं. गणपतराव मात्र वरात घेऊन जायचे. गेल्या साली कुरुंदवाडच्या क्लबाशी झालेल्या सामन्यात त्यांनी असा ब्रेक मारला की लाल बॉल दाही दिशांना पळाले आणि पांढरा उडाला तो थेट क्लबाच्या संस्थापकांच्या तसबिरीवर. काच फुटली. संस्थापकांच्या मिशीपाशी अजून खळी आहे.

चौसष्ट सालचा सामना महिन्यावर आला तेव्हा क्लबाच्या अध्यक्षांनी त्यांना बोलावून घेतलं. अध्यक्ष म्हणजे रिटायर झालेले वकील, त्यांच्यापुढे अपील नव्हतं.

"गणपतराव, औंदा पांढरा बॉल टेबलाबाहेर गेला तर संघाच्या फळ्यावरचं तुमचं नाव पुसलं म्हणून समजा. पुन्हा लिहायचं न्हाई."

गणपतराव हसत हसत बाहेर आले आणि जिन्यात मटकन खाली बसले. दिवसभर बाजारात घसा फोडणाऱ्या माणसाला हळू बोलायची क्लब ही एकच जागा होती, आणि तिथल्या फळ्यावर खडूनं नव्हे, रंगानं त्यांचं नाव लिहिलेलं होतं. त्यांना फार वाईट वाटलं. मग उठून ते बाबालालकडे गेले.

बाबालाल क्लबाचा जुना मार्कर. गुण मांडायचे, खडू द्यायचा आणि मोठ्या माणसांचे फटके बघून तोंड मिटून ठेवायचं, हे काम तो तीस वर्षं इमानानं करत होता. गणपतरावांनी हात जोडल्यावर त्याचं तोंड उघडलं.

"ताकद कमी करा, मालक. दुसरं काय न्हाई."

"किती कमी?"

"समदीच."

झालं, गणपतराव हात धुऊन ताकदीच्या मागे लागले. सकाळचं म्हशीचं धारोष्ण दूध बंद केलं. दार लावताना ते असं लावू लागले की दाराला कळूही नये. घरी घोंगडं अंथरून त्यावर पंधरा लिंबं त्रिकोणात मांडली आणि कळकाच्या काठीनं सोळावं लिंबू ढकलायचा सराव सुरू केला. पहिल्याच दिवशी ते लिंबू चुलीवरच्या आमटीत पडलं. त्यांची थोरली बहीण आक्का, जिच्या शब्दाबाहेर त्या घरात मांजरही जात नसे, ती कंबरेवर हात ठेवून उभी राहिली.

"गणपा, लिंबांनी तुजं काय घोडं मारलंय रं?"

आठवडाभरात आक्कानं फुटक्या लिंबांचं दोन बरण्या लोणचं घातलं. क्लबात ब्रेक मात्र ये रे माझ्या मागल्या. हात हळू न्यायचा असं ठरवून गणपतराव वाकायचे, पण कोणीतरी बघतंय असं जाणवलं की दंड आपोआप फुगायचा आणि बॉल गगनाला भिडायचा.

सामन्याला आठ दिवस राहिले असताना बाबालाल बायकोला सांधेदुखीवर सुंठ-गूळ हवा म्हणून अडतीत आला. तेव्हा गणपतराव एका सौद्यात होते. जुने व्यापारी अजूनही भाव तोंडानं बोलत नसत. रुमालाखाली एकमेकांचा हात धरायचा, बोटं दाबून आकडा सांगायचा आणि चेहऱ्यावरची माशीही हलू द्यायची नाही. बाबालाल बघतच राहिला. क्लबात रानडुकरासारखा धावणारा तोच हात रुमालाखाली इतका हलका होता की वरचं कापडही हलत नव्हतं. खांदा थंड, श्वास थंड, नजर समोरच्या पिंपळावर.

सौदा उरकल्यावर त्यानं गणपतरावांना बाजूला घेतलं.

"मालक, तुमच्या हातात खोट न्हाई. लोक बघाय लागलं की त्यो पैलवान हुतोय. झाकला की शाना हुतोय. झाका की त्याला!"

त्या संध्याकाळी क्लबात कोणी नसताना गणपतरावांनी क्यूची काठी धरलेल्या उजव्या हातावर उपरणं टाकलं आणि वाकले. टक्. कडेचा लाल बॉल जरासा कुरकुरला. पांढरा टेबलाच्या तीन काठांना, म्हणजे कुशनांना, शिवून परत आला आणि आपल्या बाजूच्या कुशनला चिकटून बसला. गणपतरावांच्या डोळ्यांत पाणी आलं. "उपरणं काढून मारा बघू," बाबालाल म्हणाला. काढून मारला, तर खिडकीची काच गेली. बाबालालनं तुकडे गोळा केले आणि म्हणाला, "ऱ्हाऊ दे. उपरणंच बरं."

सामन्याच्या दिवशी आक्कानं धुऊन, घडी करून उपरणं हातात दिलं. गणपतरावांची गाठ पडली कुरुंदवाडच्या कृष्णात यांच्याशी. हेही गुळाचेच व्यापारी, तीस वर्षं रुमालाखाली हात घातलेले. नाणं उडालं, ब्रेक गणपतरावांवर आला आणि सगळे कप भिंतीकडे गेले. गणपतरावांनी उजव्या हातावर उपरणं टाकलं.

"हे काय?" अध्यक्ष ओरडले. नियमांचं इंग्रजी पुस्तक आलं. चष्मा आला. अर्धा तास शोधूनही त्यात उपरण्याचं नाव निघालं नाही, तेव्हा नाइलाजानं परवानगी मिळाली.

खेळाआधी हात मिळवायची रीत. कृष्णात पुढे आले. समोर व्यापारी, त्याचा पुढे केलेला हात, त्यावर कापड. तीस वर्षांची सवय ती! कृष्णातांनी काही एक विचार न करता आपला हात सरळ उपरण्याखाली घातला. आणि गणपतरावांनीही तो धरला.

दोघांचे चेहरे दगड झाले. दोघंही समोरच्या तसबिरीकडे बघू लागले. उपरण्याखाली काहीतरी चाललं होतं.

"अहो, काय ठरतंय तिथं?" अध्यक्ष किंचाळले. "सामना विकताय काय?"

सौदा चालू असताना बोलत नाहीत, एवढंही वकिलाला कळू नये? मग कृष्णातांनी हात काढून घेतला, दोघांनी माना डोलावल्या आणि गणपतराव टेबलावर वाकले.

टक्.

लाल बॉल कुरकुरला. पांढरा निघाला, एक कुशन, दुसरं कुशन, निळ्या बॉलच्या बाजूनं अंग चोरून तिसरं, आणि कुशनला गाल लावून थांबला. कोणी टाळी वाजवली नाही. भिंतीपाशी एकानं विचारलं, "मारला व्हय?" दुसरा म्हणाला, "न्हाई, अजून मारतील की." फक्त बाबालालनं डोळे मिटून "या अल्ला" म्हटलं आणि गणपतराव तिथंच खुर्चीत बसले. त्यांना फार आनंद झाला. फळ्यावरचं नाव राहिलं.

अध्यक्ष तरातरा आले. "आधी सांगा, उपरण्याखाली काय ठरलं?"

गणपतरावांनी कृष्णातांकडे बघितलं. कृष्णातांनी मान हलवली, म्हणजे सांगायला हरकत नव्हती.

"ठरलं काय न्हाई, साहेब. त्यांचा हात बरफासारका गार लागला. म्हणून म्या बोटं दाबून इचारलं, पाचातलं किती भ्यालासा? त्यांनी पाची बोटं दाबली."

"आणि तुम्ही?"

"म्याबी पाचच."

सगळा क्लब हसला. कृष्णात मात्र हसले नाहीत. ते पांढऱ्या बॉलकडे बघत होते. कुशनला चिकटलेला, मारायला वाट नाही, आणि भिंतीपाशी तीस डोळे त्यांच्या हातावर लागलेले. त्यांनी क्यू उचलला, खाली ठेवला, पुन्हा उचलला. मग हळूच गणपतरावांच्या खुर्चीपाशी आले.

"पावणं," ते खालच्या आवाजात म्हणाले, "उपरणं जरा देता का?"