धुक्याची ओळ

कारखान्यात त्यांना सगळे आरसेकाका म्हणत. खरं नाव फक्त हजेरीपटावर उरलं होतं. उमेदीची पंचवीस वर्षं त्यांनी दुर्बिणींची भिंगं घासली आणि शेवटची सहा वर्षं एका लेसर तोफेचे आरसे. आकाशातून येणारी ड्रोन किरणाने जाळून पाडायची, अशी ती तोफ. ना गोळा, ना धूर, ना आवाज. किरण ज्या आरशावरून बाहेर सुटायचा, तो परातीएवढा आरसा काकांच्या हातचा. त्यावर धुळीचा एक कण राहिला तरी तेवढीच जागा तापून आरसा तडकायचा. म्हणून काका तिरप्या दिव्याखाली तासन्‌तास डोळा लावून बसत. तिथे कुणी शिंकलं, की त्याची रवानगी थेट खोलीबाहेर.

चाचणीच्या मैदानावर तोफ झकास चालली. लख्ख ऊन, कोरडी हवा. बारा ड्रोन उडवली, बाराच्या बारा पडली. साहेबांनी पेढे मिळाल्यासारखं तोंड केलं. पण पुढच्या आठवड्यात तीन दिवस सकाळी धुकं पडलं, आणि त्या तीन दिवसांत एकही ड्रोन पडलं नाही. गाडीच्या दिव्याचा उजेड धुक्यात पुढ्यातच पसरून बसतो, तशीच किरणाची गत झाली. काकांनी अहवालात आपल्या हाताने एक ओळ लिहिली : 'दाट धुक्यात तोफ निकामी, गोळ्यांच्या जुन्या तोफा हलवू नयेत.'

पक्की प्रत आली तेव्हा ती ओळ गायब होती.

काका प्रत घेऊन साहेबांच्या खोलीत गेले. "साहेब, माझी धुक्याची ओळ कुठे गेली?"

"बसा काका." साहेबांनी चष्मा काढून डोळे चोळले. "ती ओळ राहिली असती तर मंजुरी आणखी दोन वर्षं लटकली असती. तोवर लोकांनी काय करायचं? बारापैकी बारा पडली, हे खोटं आहे का?"

"खोटं नाही. पण अर्धंच खरं आहे."

"वर तोंडी कानावर घातलंय मी. आणि काका, गुप्ततेच्या कागदावर सही केलीय तुम्ही, विसरू नका."

साहेब वाईट नव्हते. त्यांच्याही मानेवर कुणाचा तरी पाय होता. काका मुकाट्याने परत येऊन कामाला लागले.

पहिली तोफ नदीकाठच्या एका सरहद्दीच्या गावाला गेली. कुठल्या गावाला ते काकांना कारखान्यात कुणी सांगितलं नाही. सांगितलं ते धाकट्या बहिणीने, फोनवर, आनंदाने ओरडत.

"दादा, तुझी तोफ आलीय आमच्याकडे! पंपघरामागच्या टेकाडावर बसवलीय. मी सगळ्या शेजारणींना सांगितलं, आरसा माझ्या दादाने घासलाय!"

काकांनी घाईने विचारलं, "आणि जुन्या तोफा?"

"त्या परवाच नेल्या दुसरीकडे. आम्हीही तळघरातून वर आलो. किती महिन्यांनी खिडकी उघडली रे!"

काकांनी दार लावून घेतलं. सहीचं जे व्हायचं ते होवो. "नीट ऐक. धुकं पडलं की तुम्ही दोघा नवरा-बायकोने तळघरात जायचं. का ते विचारू नकोस."

ती हळूच म्हणाली, "दादा, थंडीत इथे रोज सकाळी धुकंच असतं."

मेहुण्याने फोन घेतला. तो पंपघरात पंप चालवायचा, हसरा गडी. "अहो दादा, सकाळच्या पाळीला मीच असतो. धुकं बघून पंप बंद ठेवला तर गाव काय तुमच्या नावाने आंघोळ करणार?"

हसू काकांना आलं नाही. दुसऱ्याच दिवशी रजा टाकून ते मुख्य कचेरीत गेले. पहिल्या टेबलाने दुसऱ्याकडे पाठवलं, दुसऱ्याने तिसऱ्याकडे. तिसऱ्या टेबलावरचा अधिकारी सौम्यपणे म्हणाला, "तुमच्या खात्यामार्फत या." खात्यात साहेब होते. काकांनी दोन अर्ज लिहिले. दोन्हींवर 'नोंद घेतली' असा शिक्का बसून ते परत आले. आभाळच फाटलं तर ठिगळ कुठे लावायचं?

तीन आठवड्यांनी, सकाळी साडेआठला, आरशांच्या खोलीतला फोन वाजला. त्या टेकाडावरचा हवालदार बोलत होता. काकांनीच त्याला आरसा पुसायला शिकवलं होतं.

"काका, चार येतायत. किरण पूर्ण ताकदीने सोडलाय, पण एकही पडत नाही! आरसा खराब झालाय का?"

"आरसा बघितलास?"

"चकचकीत आहे."

"पंपघर दिसतंय?"

"काका, मला माझा हात धड दिसत नाही."

"सगळ्यांच्या मागे लागू नकोस. एकच धर. जवळ येऊ दे, अगदी जवळ. आणि पंपघरात कळव, बाहेर पडा म्हणावं."

"कळवलंय. पंप एकदम थांबवला तर पाइप फुटेल, म्हणून एक जण तो हळूहळू बंद करत बसलाय, बाकीचे निघाले."

काकांनी टेबलाची कड घट्ट धरली. ते इथे होते आणि किरण तिथे. हातात होता तो नुसता फोन.

"पडलं! एक पडलं काका!" हवालदार ओरडला. मग एकापाठोपाठ तीन दणके झाले. हवालदार एवढंच म्हणाला, "पंपघर, काका."

मेहुणा आतच होता. पाइप मात्र फुटला नाही.

चौकशी झाली. तिघांच्या समितीसमोर काकांनी पहिल्यापासून सगळं सांगितलं, गुप्ततेची अट मोडल्याचंही. समितीने शांतपणे ऐकून घेतलं. काकांवर कारवाई झाली नाही, साहेबांवरही नाही. निष्कर्षात लिहिलं होतं : 'प्रतिकूल हवामानातही तोफेने चारपैकी एक लक्ष्य पाडले, ही बाब उत्साहवर्धक आहे.' आणखी दोन गावांसाठी मागणी नोंदवली गेली.

बहीण काकांकडे राहायला आली. तिने एकदाही दोष दिला नाही. दिला असता तर काकांना निदान मान खाली घालता आली असती. ती स्वयंपाक करायची, ताट वाढायची आणि समोर बसून राहायची.

एका दुपारी तिने विचारलं, "आता धुक्यात चालते का रे ती?"

"नाही."

"मग पुढची कुठे जाणार?"

या वेळी गावाचं नाव काकांच्या कानावर आलं होतं. त्यांनी ते सांगितलं.

"तिथे कुणी सांगितलंय का, धुक्यात तळघरात जा म्हणून?"

काका उठले आणि फोनपाशी जाऊन उभे राहिले. सांगायला त्यांची ना नव्हती. पण त्या गावात त्यांच्या ओळखीचं कुणीच नव्हतं.