डाव्या रेषेवरची पेशी

मी एक जुनी चेतापेशी आहे. मित्रांनो, एका माणसाचा हात एकाहत्तर वर्षं माझ्या हुकमावर हलला. आमच्या काळ्या पट्ट्यातली प्रत्येक पेशी हेच सांगते, आणि आम्ही लाखो होतो.

हा पट्टा मेंदूच्या पार तळाशी असतो. कविता, गणित वगैरे मानाची कामं वरच्या मजल्यावर. आमच्याकडे हालचाल खातं. माझ्या एका लांब तंतूला लाखो टोकं होती. पण टोक पुढच्या पेशीला कधी चिकटत नाही. मध्ये केसाच्या जाडीच्या काही हजाराव्या हिश्शाएवढी फट असते. त्या फटीत रसायनाच्या पुड्या सोडायच्या, एवढंच काम. पलीकडची पेशी पोच देत नाही.

आमचा माणूस न्हावी होता. वस्तरा असा फिरवायचा की गिऱ्हाईक खुर्चीतच घोरू लागे. "काय हात आहे!" लोक म्हणत. हाताचं कौतुक होई. आमची चौकशी कुणी केली नाही.

मग आमच्यातली एकेक जण मरत गेली. उरलेल्यांनी त्यांचं काम ओढलं, त्यामुळे बाहेर बरीच वर्षं कुणाला पत्ता लागला नाही. मला वाईट वाटलं का? मित्रांनो, मेंदूला टोचलं तरी दुखत नाही. तशी सोयच नाही.

पुढे हात जड झाला, थरथरू लागला. गिऱ्हाइकं अर्धी दाढी घेऊन उठू लागली. शर्टाच्या एका बटणापायी सकाळ जायची.

"बटणाचं उद्घाटन आहे का आज?" बायको विचारायची.

"लावतोय गं."

एके दिवशी मुलगी दुकानात सगळ्यांसमोर म्हणाली, "बाबा, पुरे झाली नाटकं. द्या तो वस्तरा इकडे." त्याने दिला. डॉक्टरकडे न्यायचं दर महिन्याला पुढच्या महिन्यावर गेलं.

देहदानाचा फॉर्म त्याने स्वतः भरला होता. सही मुंगीएवढी होती, पण चालली. तो गेल्यावर आम्हाला औषधात घट्ट केलं, पापुद्र्याएवढ्या चकत्या कापल्या आणि काचेवर चिकटवलं.

काही महिन्यांनी मुलगी प्रयोगशाळेत आली. खांद्यावरची पिशवी तिने खाली ठेवली नाही. "एकच सांगा. ते नाटक करत होते का?"

पेशी मोजणाऱ्या बाईंनी तिला सूक्ष्मदर्शकापाशी बसवलं. "चौकट दिसते? एवढ्यात काळ्या पेशी सात-आठ तरी हव्यात."

मुलीने पाहिलं. "एकच आहे. डावीकडे."

"ती डाव्या रेषेला टेकलीय. उजव्या रेषेवरची धरायची, डावीची सोडायची, असा नियम आहे. म्हणजे इथे शून्य. आणि सगळ्या काचांवर थोड्याफार फरकाने हेच. नाटक नव्हतं, ताई."

मुलीने पुन्हा भिंगाला डोळा लावला.

"ती एक तरी धरा ना," ती म्हणाली.

"नाही धरता येत."

मित्रांनो, घरात कुणाचा हात मंदावला, तर नाटकं म्हणण्याआधी आत किती जणी उरल्यात ते पाहा. अर्थात नीट पाहायचं तर मेंदू बाहेर काढावा लागतो. तेव्हा निदान बटण लावून द्या.

ती रेषेवरची मी. माझी नोंद खरं तर डावीकडच्या चौकटीत व्हायला हवी होती, कारण तिची उजवी रेषा तीच. पण सगळ्याच चौकटी मोजत नाहीत, अधूनमधून एखादी निवडतात. डावीकडची निवडलेली नव्हती.