दोन देशांचा मिळून एक खुनी

थोरली लेक रांगायला लागली त्या वर्षी माझे सासरे अंथरुणाला खिळले. तेव्हा मी टपालाच्या तपासणीखात्यात होतो. परदेशातून येणाऱ्या अंकांमधल्या आमच्या सरकारला नको असलेल्या बातम्यांवर काळी शाई फासायची, हे माझं काम. साहेब लाल पेन्सिलीने चौकोन करायचे, मी तो भरायचो. मला अक्षर ओळखता येत नव्हतं, म्हणूनच ही जागा मिळाली होती. वाचता येणारे रेंगाळतात, असं साहेबांचं म्हणणं. बाकीचे शाईचा एक हात मारत, मी तीन मारायचो. "तुझ्या कामातून उजेडसुद्धा जात नाही," साहेब म्हणाले, तेव्हा मी घरी येऊन ते दोनदा सांगितलं.

परदेशात राहणाऱ्या आपल्या लोकांनी काढलेलं एक साप्ताहिक सासऱ्यांकडे यायचं. त्यात एका खुनाची गोष्ट क्रमशः चालू होती. सासऱ्यांना दिसत नसे, म्हणून माझी बायको वाचून दाखवायची. डॉक्टरांनी काही महिनेच सांगितले होते. सासऱ्यांचं एकच मागणं होतं: खुनी कळल्याशिवाय मरायचं नाही.

शेवटचा भाग आला. बायको वाचत होती, "ह्या घरात खून करू शकेल असा एकच माणूस आहे, आणि तो..." ती थांबली. पुढे सगळं काळं. मागच्या पानावरच्या बातमीची शाई आरपार उतरली होती.

"कोणा गाढवाचं हे काम?" सासरे ओरडले.

बायकोने माझ्याकडे पाहिलं. मी लेकीचं नाक पुसायला लागलो.

"जावईबापू, तुम्हीच?"

"बाबा, ह्यांचं काम फार पक्कं असतं," बायको म्हणाली.

धाकटा मेहुणा बोटीवर स्वयंपाकी होता. मी त्याला गळ घातली, की मिळेल त्या बंदरातून तोच अंक आण. एका देशात तो अंक येऊच देत नव्हते. तिथले शाईवाले घरी झोपा काढत असणार, असं वाटून मला थोडा हेवा वाटला. दुसरीकडे बातमीवर करडा कागद चिकटवला होता. आम्ही वाफेवर धरून तो सोडवला, तर अक्षरं कागदाबरोबर निघून आली. तिसऱ्या देशातल्या अंकाला कात्रीने खिडकी पाडली होती.

"काय हे ओबडधोबड!" मी म्हणालो. "कडाही सरळ नाहीत."

"भावोजी, कौतुक नंतर," मेहुणा म्हणाला. "आधी खुनी बघा."

बायकोने पान उलटून आमच्या अंकाशी ताडून पाहिलं आणि हसतच सुटली. त्या लोकांनी स्वतःच्या देशाची बातमी कापली होती. आमच्या देशाची, जी मी तीन हातांनी बुडवली होती, ती तिथे धडधडीत छापलेली होती. आमच्या अंकात त्यांची बातमी तशीच होती. आमची अब्रू त्यांच्याकडे उघडी, त्यांची आमच्याकडे, आणि दोन्हीकडे पगार चालू.

सासऱ्यांना गोष्ट पानाच्या सुरुवातीपासून हवी होती. सुरुवात कात्रीत गेलेली, म्हणून बायकोने ते पान आमच्या पानावर ठेवलं. खिडकीतून आमची अक्षरं दिसली, पान पूर्ण झालं. खुनी निघाला घरचा डॉक्टर.

"मी पहिल्यापासून म्हणत होतो!"

"बाबा, तुम्ही वकील म्हणत होता."

"वकिलाकडे लक्ष होतं, संशय डॉक्टरवर होता. आणि ते औषध उद्यापासून बंद. मला आता डॉक्टरांचा भरवसा नाही." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "जावईबापू, बुडवता ते आधी वाचायला तरी शिका."

मी शिकलो, बायकोकडून, लेकीसाठी आधीच आणून ठेवलेल्या पाटीवर. कामावरही चौकोन भरण्याआधी ओठ हलायला लागले. साहेबांनी ते पाहिलं आणि माझी बदली पोती मोजायला केली. सासऱ्यांना हे सांगायचं राहून गेलं. लेकीने पहिलं पाऊल टाकलं त्याच्या आदल्या आठवड्यात, दुपारी झोपेतच, ते वारले.